कड्यावरची तूर

संगमनेरच्या आमच्या कॉलेजात भूगोल आणि वनस्पतिशास्त्र हे दोन विभाग एकाच मजल्यावर आहेत. मध्ये पिण्याच्या पाण्याची टाकी, आणि टाकीपाशीच काय ते आमचं बोलणं होई. मी भूगोल शिकवते; वनस्पतिशास्त्राच्या मॅडम माझ्याहून बऱ्याच मोठ्या. उंच, सडसडीत, आणि साडीवरसुद्धा पायात कायम कॅनव्हासचे बूट. बोलत कमी, आणि जे बोलत ते तोंडावर. एकदा मी तिथे कुणाला तरी सांगत होते, की पाऊस, तापमान आणि उंची यांची माहिती नकाशावर एकत्र मांडली तर एखादं झाड कुठे वाढू शकेल याचा अंदाज बांधता येतो. मॅडम बाटली भरत होत्या. झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "नकाशात झाडं उगवत नाहीत," आणि निघून गेल्या.

त्यानंतर दोनेक वर्षं गेली आणि एका दुपारी त्याच मॅडम माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या. आपल्याला एक झाड सापडत नाहीये, आणि हातात आता फार हंगाम उरलेले नाहीत, असं त्यांनी सरळ सांगितलं. थोड्याच काळात त्या निवृत्त होणार होत्या.

झाड म्हणजे तुरीची रानातली एक बहीण. आपण वावरात पेरतो ती तूर माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून घडवलेली. तिची रानटी भावंडं मात्र अजून डोंगरात आपापली जगतात. त्यातली एक वेलीसारखी जमिनीवर पसरते. ती बांधाबांधावर दिसते, तिचं कुणाला अप्रूप नाही. दुसरी उभी वाढते, कमरेएवढी, आणि तिच्या पानांवर रेशमासारखी रुपेरी लव असते. शेजारच्या जिल्ह्यांतल्या डोंगरांत ती पूर्वी सापडली होती. आपल्या जिल्ह्यातही ती असणारच, असं मॅडमना ठाम वाटत होतं. दर वर्षी पावसाळा सरला की त्या अकोले तालुक्यातल्या डोंगरांत जात, कडेकपारी धुंडाळत आणि रिकाम्या हातानं परत येत.

ती तूर खाता येते का, असं मी विचारलं. दाणा मुगाहून लहान, शेंगेत दोनच, खाण्याजोगं काही नाही, त्या म्हणाल्या. पण कोरड्या डोंगरावर, खडकाच्या फटीत, कुणी पाणी न देता ती जगते. रोगराई सोसते. तिचा संकर करून हे गुण आपल्या तुरीत आणता येतात. त्यासाठी आधी तिचं बी हातात हवं.

तुरीवरचा मर रोग मला पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. बाजरीच्या ओळींमध्ये तुरीची पाटं असायची. तूर फुलावर आली, की कुठल्या तरी सकाळी मधलीच झाडं माना टाकून उभी दिसायची. मुळाशी ओल असूनही वाळलेली. आई ती उपटून सरपणाला बाजूला ठेवायची. मी मॅडमना हो म्हणाले ते त्या वाळलेल्या तुरीच्या आठवणीनं.

आणखी एक कारण होतं. आई-वडील ऊसतोडीला जात तेव्हा लहानपणी मीही ट्रकमध्ये त्यांच्याबरोबर असे. भांड्यांच्या पोत्यावर बसून मी बाहेर बघत राही. पाथर्डी सोडली की आधी बोडके माळ. मग सोनईच्या आसपास कालव्याचा ऊस. संगमनेर ओलांडून अकोल्याकडे वळलं की वाराच बदलायचा, आणि समोर हिरवेगार डोंगर उभे राहायचे. एकाच जिल्ह्यात इतके वेगवेगळे पाऊस कसे, हा प्रश्न मला त्या पोत्यावर पडला. पुढे मी भूगोलाकडे वळले ती त्याच्यामुळेच.

काम तसं सांगायला सोपं. झाड पूर्वी जिथे जिथे सापडलं ती ठिकाणं संगणकाला द्यायची. तिथे पाऊस किती, उन्हाळा किती कडक, उंची किती, ही माहिती आता सगळ्यांना फुकट मिळते, तीही द्यायची. मग तशीच हवा आणखी कुठे आहे ते संगणक शोधतो आणि नकाशावर रंगवून दाखवतो. जिथे शक्यता जास्त तिथे लाल, कमी तिथे पिवळा, नाही तिथे पांढरा.

माझा पहिला नकाशा तयार झाला तेव्हा अकोले तालुका जवळजवळ सगळा लाल होता. मॅडमनी तो चष्मा वर करून पाहिला. हे आपल्याला आधीच माहीत होतं, एवढंच त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उजळला होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी त्यांच्या छोट्या गाडीतून निघालो. लाल भागातले डोंगर एकेक करून पाहिले. गवत पिवळं पडायला लागलं होतं, सोनकीची पिवळी फुलं सरत आली होती. मॅडम प्रत्येक झुडपापाशी थांबत, पान बोटांत धरत, सोडून देत. वेलीसारखी पसरणारी रानतूर पावलोपावली भेटली. उभी एकही नाही. परतताना राजूरला चहाला थांबलो. मॅडमनी कप तसाच हातात धरून ठेवला होता.

"नकाशा चुकला नसेल," त्या म्हणाल्या. "मीच उशिरा निघाले असेन. झाड गेलं असेल."

मला त्यांनी दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. एवढी वर्षं धरून ठेवलेली गोष्ट त्या चहाच्या टपरीवर सोडून द्यायला निघाल्या होत्या, आणि ते माझ्या नकाशावर विश्वास टाकून.

दुसऱ्या दिवसापासून मी तो नकाशा उलटा तपासायला घेतला. झाड पूर्वी सापडल्याची जी ठिकाणं मी संगणकाला दिली होती ती उपग्रहाच्या चित्रावर एकेक करून मोठी करून पाहिली. पहिलं ठिकाण एका धरणाच्या भर पाण्यात निघालं. दुसरं एका तालुक्याच्या गावातल्या एसटी स्टँडवर. तिसरंही गावातच, बाजारपेठेत. मग उलगडा झाला. जुन्या काळी झाड गोळा करणाऱ्यांकडे जीपीएस कुठून असणार? ते जवळच्या मोठ्या गावाचं नाव टिपून ठेवत. पुढे कुणीतरी ते सगळं संगणकावर चढवताना त्या गावाच्या मधोमध ठिपका दिला; पहिलं गाव तर पुढे धरणातच बुडालं होतं. म्हणजे माझा संगणक डोंगरावरची हवा शिकलाच नव्हता. तो एसटी स्टँडवरची हवा शिकला होता.

मी तशीच टाकी ओलांडून मॅडमच्या विभागात गेले आणि त्यांना धरणातला ठिपका दाखवला. त्या तो बघून हसू लागल्या. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढचे काही महिने आम्ही ते काम एकत्र केलं. मॅडम त्या डोंगरांना ओळखत होत्या. कुठल्या गावाजवळ झाड सापडलं म्हणजे खरं कुठल्या उतारावर असेल, हे त्या सांगत. जिथे खात्री नव्हती ती ठिकाणं आम्ही काढून टाकली. हाती थोडीच उरली, पण ती पक्की होती. त्या ठिकाणांकडे नीट पाहिल्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली. ती सगळी घाटमाथ्याच्या पाठीमागे होती, पाऊस दमून पुढे येतो त्या पट्ट्यात. भिजून चिंब होणारी नव्हेत, अगदी कोरडीही नव्हेत. वर्षभरात पाऊस एकूण किती, यापेक्षा पाऊस गेल्यावर कोरडे महिने किती लांबतात, हे या झाडाला महत्त्वाचं असणार, असं आम्हा दोघींना वाटलं. मी ती माहिती घातली आणि नकाशा पुन्हा काढला.

अकोल्याचा लाल रंग फिका पडला. त्याऐवजी संगमनेर तालुक्याच्या दक्षिणेला, पठारभागात, एक बारीक लाल रेघ उमटली आणि पूर्वेला पारनेरच्या दिशेनं तुटत तुटत गेली.

"तिथे?" मॅडम म्हणाल्या. "ते तर बोडके डोंगर आहेत. पुण्याला जाताना मी आयुष्यभर बघत आलेय."

"बघत आलात," मी म्हणाले, "पण उतरलात कधी?"

पावसाळा संपायची वाट आम्ही दोघीही सारखीच बघत होतो.

ज्या डोंगरावर गेलो त्याच्या खालच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. दुर्मीळ झाडाचा पत्ता छापायचा नसतो, हे मॅडमनी मला शिकवलं आहे. वनखात्याची परवानगी काढली होती. महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या. गाव मागे टाकून आम्ही डोंगराच्या सोंडेनं वर चढू लागलो, आणि थोड्याच वेळात माझा उत्साह मावळला. डोंगर खरोखरच बोडका होता. गवत आखूड, आणि झुडूप दिसलं की ते शेळ्यांनी बुडापर्यंत कुरतडलेलं. वर एक म्हाताऱ्या बाई शेळ्या राखत होत्या. काय हुडकताय, असं त्यांनी विचारलं. तूर, असं मी सांगितल्यावर त्यांना आमची कीव आली.

"तूर वर कशाला ईल, बाई? खाली वावरात हाय की."

संध्याकाळी आम्ही तशाच परतलो. पण गाडीत मॅडम या वेळी गप्प नव्हत्या. एका कुरतडलेल्या खुंटाला कोवळं पान फुटलेलं त्यांनी पाहिलं होतं. लव रुपेरी वाटली, पण पान नखाएवढं, त्यावरून ठरवता येत नव्हतं. इथली हवा बरोबर असेल, त्या म्हणाल्या, पण हवेबरोबर शेळ्याही असतात. हे ऐकताना पुढे काय करायचं ते माझ्या लक्षात आलं. जमिनीच्या उंचीची माहिती माझ्याकडे होती. तिच्यावरून उतार किती तीव्र ते काढता येतं. त्या लाल रेघेतला जो भाग शेळीलाही अवघड आहे, तेवढाच मी वेगळा रंगवला. उत्तरेकडच्या कड्याखाली एक अरुंद पट्टी उरली.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. कड्याच्या खालपर्यंत मॅडम आल्या. पुढे वाट नव्हती, सुट्या दगडमातीच्या घसाऱ्याची चढण होती, आणि त्यांचा गुडघा दुखत होता. त्या सावलीला बसल्या आणि मला म्हणाल्या, तू जा, पण काहीही दिसलं तरी तोडू नकोस, फोटो काढ. मला झाडांतलं काय कळतं, असं मी म्हणाले. तीन पानं एकत्र, फूल पिवळं तुरीसारखं, आणि पान चोळलं की रेशीम, एवढं लक्षात ठेव, त्या म्हणाल्या.

मी हातापायांवर चढले. वर कड्याच्या पोटाशी खडकाची एक पायरी होती, दोन माणसं जेमतेम चालतील एवढी. तिथे सावली होती आणि वारा होता. पायरीच्या कडेनं पुढे पाहिलं तर काही झुडपं वाऱ्यावर हलत होती, आणि हलताना त्यांची पानं पालथी होऊन चांदीसारखी चमकत होती. मी जवळ गेले. कमरेएवढं उभं झाड. तीन पानं एकत्र. फुलं पिवळी, आमच्या पाथर्डीच्या वावरातल्या तुरीची असतात तशीच, पण लहान. पान न तोडता मी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरलं. लहान वासराचा कान हाताला लागतो, तसं ते लागलं.

मोबाईलवर फोटो काढले, ते खाली पाठवावेत तर रेंज नव्हती. शेवटी कड्याच्या टोकाशी येऊन मी मॅडमना हाक मारली आणि दोन्ही हात वर केले.

फोटो घेऊन मी खाली येते, असं मी सांगत होते तोवर त्या उठल्या होत्या. गुडघा, घसारा, काही ऐकायला तयार नव्हत्या. मी अर्ध्यात खाली उतरले, माझ्या ओढणीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, आणि आम्ही दोघी मध्ये मध्ये बसत, घसरत, पुन्हा उठत वर गेलो. पायरीवर आल्यावर त्यांनी ओढणी सोडली आणि त्या पहिल्या झाडापुढे चक्क मांडी घालून बसल्या. चष्मा काढला, पान डोळ्यांशी नेलं. भिंगातून फूल पाहिलं. उलट्या बाजूनं देठ पाहिला. मला अजूनही भीती वाटत होती, की त्या नकारार्थी मान हलवतील.

"हीच," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "हीच आहे गं ती."

त्यांचे डोळे भरून आले होते. मीही पदर नसताना डोळे पुसायला पदर शोधत होते. आजूबाजूला झुडपंच झुडपं होती. पायरी संपेपर्यंत, आणि खालच्या फटीतही. खाली महामार्गावरून गाड्या पुण्याकडे चालल्या होत्या.

जानेवारीत शेंगा वाळल्यावर आम्ही पुन्हा गेलो. प्रत्येक झाडाच्या थोड्याच शेंगा घेतल्या, बाकी झाडावरच, खाली पडून रुजायला ठेवल्या. खालच्या गावात ग्रामपंचायतीपुढे बसून मॅडमनी हे झाड काय आहे ते सगळ्यांना सांगितलं. शेळ्या राखणाऱ्या त्या बाई पुढेच बसल्या होत्या. वणवा लागला तर त्या पायरीकडे आग जाऊ द्यायची नाही, एवढं गावानं आपणहून ठरवलं. आपल्या डोंगराचं बी लांबवर जपलं जाणार, या कौतुकात त्यांना आपला वाटा हवा होता, आणि तो त्यांचाच होता.

बियाणं जपणाऱ्या एका संस्थेकडे आम्ही दाणे पाठवले. मध्ये एका सुट्टीत मी पाथर्डीला गेले तेव्हा अभ्यासासाठी ठेवलेले चार दाणे आईला दाखवायला नेले. आता तिला ऊसतोडीला जावं लागत नाही, पण तूर ती अजून पेरते. तिनं दाणे तळहातावर घेतले, उजेडात धरले.

"ही तूर व्हय? लई बारीक हाय गं. ह्याचं वरण किती व्हायचं?"

मी तिला सांगितलं, की ह्याचं वरण करायचं नाही. आपल्या वावरात तूर उभ्या उभ्या वाळते ना, ती वाळू नये म्हणून ही हवी आहे. लगेच नाही होणार, बरीच वर्षं लागतील, कदाचित जमणारही नाही. आईनं दाणे पुन्हा पाहिले. मग ते माझ्या हातात परत देताना, एखादी जड वस्तू द्यावी तसे दोन्ही हातांनी दिले.

"मंग सांभाळून ने," ती म्हणाली.

काही आठवड्यांनी संस्थेतून मॅडमना फोन आला. रानतुरीच्या दाण्याचं साल टणक असतं, तसंच पेरलं तर ते महिनोन् महिने उगवत नाही. त्यांनी दाणे सॅंडपेपरवर हलके घासून पेरले होते. बहुतेक सगळे उगवले. मॅडमनी हे मला टाकीपाशीच सांगितलं, आणि तिथे उभ्या असलेल्या मुलींनाही सांगितलं, आणि मग भूगोलाच्या वर्गात येऊन फळ्यापुढे उभ्या राहून सगळ्या वर्गाला. नकाशा कसा काढला ते त्यांनी माझ्याहून चांगलं समजावलं. धरणातल्या ठिपक्यावर वर्ग हसला तेव्हा मॅडम मुलांपेक्षाही जास्त हसत होत्या.

त्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी भाषण केलं नाही, कड्यावरच्या झाडांचे फोटो दाखवले.

पण माझं समाधान पूर्ण झालं नव्हतं. एका डोंगरावर झाड सापडणं हा योगायोगही असू शकतो. माझ्या नकाशावर ती लाल रेघ तुटत तुटत पारनेरकडे गेली होती, आणि तिच्या टोकाला आणखी एक तुकडा होता. तो आम्ही पाहिलाच नव्हता. तिथे मॅडमही कधी गेल्या नव्हत्या, आणि कुणा जुन्या संशोधकाचं नावही त्या डोंगराशी जोडलेलं नव्हतं. तिथे झाड सापडलं तरच नकाशा खरा.

यंदा पाऊस संपल्यावर आम्ही दोघी तिकडे गेलो. मॅडमचा गुडघा आता बरा होता, हातात काठी होती. डोंगराच्या निम्म्यावर आल्यावर त्या मुद्दाम मागे राहिल्या. पुढे तू हो, त्या म्हणाल्या, आज मी काही सांगणार नाही. मी उताराचा नकाशा मोबाईलवर उघडला, उत्तरेकडची बाजू धरली आणि चालत राहिले. एका घळीच्या तोंडाशी वळले आणि थांबले. या वेळी मला पान हातात घ्यावं लागलं नाही, पानं मोजावी लागली नाहीत. वारा आला, आणि घळीचा अख्खा उतार एकदम रुपेरी झाला आणि पुन्हा हिरवा झाला. मागच्या पायरीवर होती त्याच्या कितीतरी पट झुडपं. वरपर्यंत, कड्याला टेकेपर्यंत.

मी मागे वळून पाहिलं. मॅडम सावकाश काठी टेकत येत होत्या. मी बाजूला सरकले, म्हणजे त्यांना दिसेल.

त्यांनी पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या एका सपाट दगडावर बसल्या, पिशवीतून डबा काढला आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला.

"आधी जेवून घेऊ," त्या म्हणाल्या. "मोजायला आज बराच वेळ लागणार आहे."